सुनेच्या माहेरचा कैदी: ऑस्ट्रेलियाच्या जुन्या दप्तरांत माणूस शोधायचा कसा?

अबोली

मंडळी, इथे इतिहासाचं वेड असलेले बरेच जण आहेत म्हणून धागा काढतेय.

माझी सून मेलबर्नची. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की मूळ पुरुष जहाजावरचा सुतार होता, सोन्याच्या शोधात आला आणि तिथलाच झाला. मुलगा-सून पुण्याला आले तेव्हा मी सहज विचारलं, "कुठल्या जहाजावर?" कुणालाच माहीत नाही. मी जन्मभर बँकेत लेजरं तपासली आहेत, अर्धवट ताळेबंद मला बघवत नाही. बसले शोधायला. आडनाव फार दुर्मीळ आहे, म्हणून एक माणूस लगेच हाती लागला. पण तो सुतार नाही. मँचेस्टरचा, जोडे शिवणारा, चोवीस वर्षांचा. बुटांचे जोड चोरल्याबद्दल १८४३ मध्ये सात वर्षांची शिक्षा आणि रवानगी होबार्टला. (नाव आणि जहाज मुद्दाम देत नाही. सुनेच्या आत्याला हे अजून कळलेलं नाही!)

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात धाडले गेले. त्यात बायका साधारण २५,०००. शिक्षा बहुतेक सात वर्षं, चौदा वर्षं किंवा जन्मठेप. सर्वांत जास्त गेले न्यू साउथ वेल्स आणि व्हॅन डीमन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला.

टास्मानियाच्या सरकारी अभिलेखागाराने ही दप्तरं फुकट पाहायला ठेवली आहेत. आमच्या गड्याचं अख्खं एक पान आहे. उंची ५ फूट ३ इंच. डोकं लांबट, केस तपकिरी, कपाळ, भुवया, नाक, तोंड, हनुवटी, प्रत्येकाला वेगळा रकाना. डाव्या दंडावर नांगर आणि दोन अक्षरं गोंदलेली. उजव्या हाताच्या करंगळीवर जुना व्रण. वाचता येतं, लिहिता येत नाही. लग्न झालेलं, एक मूल. खाली शिक्षांची यादी: परवानगीशिवाय गैरहजर, दारू पिऊन सापडला, मुकादमाला उलट बोलला. एकांतकोठडी, मग सक्तमजुरी. १८५० मध्ये शिक्षा भोगून मुक्त, आणि पुढे पान कोरं.

माझा प्रश्न असा: हाच माणूस मेलबर्नच्या कुटुंबाचा मूळ पुरुष, हे सिद्ध कसं करायचं? नुसतं आडनाव जुळणं मला पुरत नाही. आणि सुटकेनंतर माणूस शोधायचा कुठे?

पॅरामॅटाकर

मस्त धागा, अबोलीताई. मी राहतो त्या भागात आज हॅरिस पार्कला डोसा आणि मिसळ मिळते, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर बायकांच्या कैदखान्याच्या भिंती उभ्या आहेत. त्यामुळे हा विषय माझ्या दारातलाच.

पहिलं लक्षात ठेवा: न्यू साउथ वेल्स आणि टास्मानिया यांची दप्तरं ठेवण्याची पद्धत वेगळी. टास्मानियात एका माणसाचं बरंचसं एका पानावर येतं. सिडनीत तोच माणूस दहा ठिकाणी विखुरलेला असतो. जहाज लागलं की केलेली यादी एकीकडे, मोकळीक-परवाना दुसरीकडे, सुटकेचा दाखला तिसरीकडे, लग्नाची परवानगी चौथीकडे. मोकळीक-परवाना म्हणजे शिक्षा चालू असतानाच स्वतःचं काम करून पोट भरायची मुभा, पण नेमून दिलेल्या तालुक्यातच. १८२० च्या दशकातल्या नियमांनी सात वर्षांच्या कैद्याला तो साधारण चार वर्षांनी मिळे, चौदावाल्याला सहा, जन्मठेपेला आठ, वागणूक बरी असली तर. तालुका ओलांडायचा असेल तर पुन्हा वेगळा पास.

दुसरं, जहाजाचं नाव कधीही सोडू नका. एकाच नावाचे इतके जण होते की सरकार माणसाला 'अमुक, तमुक जहाजाचा' असंच लिहायचं. जहाज मरेपर्यंत चिकटून राहायचं. दोन कागद एकाच माणसाचे आहेत का, हे ठरवायला नावापेक्षा जहाज जास्त उपयोगी.

तिसरं, माणसाने स्वतःबद्दल जे सांगितलं ते पडताळून घ्या. मेरी रायबीचं उदाहरण ऐकण्यासारखं आहे. अनाथ मुलगी, पोराचा वेष करून फिरत होती, घोडा चोरल्याबद्दल पकडली गेली. सात वर्षांची शिक्षा होऊन १७९२ मध्ये सिडनीला आली. इथे लग्न केलं थॉमस रायबीशी, तो आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. १८११ मध्ये तो वारला तेव्हा पदरी सात मुलं, आणि जहाजं, गोदामं, दुकान असा सगळा पसारा. बाईने तो एकटीने वाढवला. १८२० मध्ये मुलींना घेऊन इंग्लंडला जाऊन आली. मग १८२८ ची जनगणना झाली, न्यू साउथ वेल्सची पहिली तपशीलवार जनगणना. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे अक्षरं आहेत: एफएस म्हणजे शिक्षा भोगून मुक्त, बीसी म्हणजे वसाहतीत जन्मलेला, सीएफ म्हणजे आपखुशीने आलेला. मेरीबाईंनी काय सांगितलं असेल? '१८२१ मध्ये आपखुशीने आले.' शब्दशः खोटं नाही! १८२१ मध्ये त्या इंग्लंडहून परतल्या होत्याच की. आज त्या वीस डॉलरच्या नोटेवर आहेत.

(अवांतर: पहिल्या दहा डॉलरच्या नोटेवर फ्रान्सिस ग्रीनवे होता. सिडनीचा नामांकित वास्तुविशारद, शिक्षा कशाबद्दल तर बनावट दस्तऐवज केल्याबद्दल. नोटेवर छापायला आणखी योग्य माणूस कुठून आणणार.)

तेव्हा घरच्यांनी सांगितलेला 'सुतार' तूर्त बाजूला ठेवा.

खवट_आजोबा

वाचलं. एक शंका. बूट चोरला, घोडा चोरला, खोटी कागदपत्रं केली, आणि आता नातवंडं कौतुकाने पान फ्रेम करून लावणार? पूर्वी हीच मंडळी लाजेने लपवत होती, आता मिरवतात. चोर तो चोर. आपल्याकडे काळ्या पाण्यावर गेलेल्यांचे कागद कुणी शोधत नाही, आणि आपण साहेबाच्या चोरांची वंशावळ लावत बसलोय.

अबोली

आजोबा, फ्रेम करायची नाहीये, जुळवायचं आहे. :)

आणि चोर होता हे मी कुठे नाकारतेय? त्याच्या पानावर आधीच्या दोन शिक्षाही लिहिलेल्या आहेत. पण गुन्हा वाचताना थोडं सावध राहावं लागतं एवढं कळलं. १८२७ पर्यंत इंग्लंडात राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा माल चोरला तर फाशीचा कायदा होता. म्हणून जूरीतले लोक मुद्दाम मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवायचे, म्हणजे माणूस मरत नाही, जहाजावर चढतो. तेव्हा कोर्टाच्या कागदावर ३९ शिलिंग दिसले की तो बाजारभाव समजू नये. लंडनचा कैदी असेल तर ओल्ड बेलीच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या फौजदारी कोर्टाच्या, खटल्यांचे छापील वृत्तांत १६७४ पासूनचे ऑनलाइन आहेत, साक्षीदार काय बोलला तेसुद्धा वाचता येतं. आमचा मँचेस्टरचा, त्यामुळे ती चैन नाही.

मोडीवाला

आजोबांच्या दुसऱ्या वाक्याला उत्तर देतो. काळ्या पाण्याचे कागद शोधणारे आहेत, फक्त ते कागद सोपे नाहीत.

अंदमान १८५८ मध्ये सुरू झालं. त्याच्या कितीतरी आधीपासून कंपनी सरकार आपल्या इलाख्यातले कैदी समुद्रापार पाठवत होतं. मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसला गेले, पिनांग-सिंगापूरला गेले. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला तेव्हा रस्त्याच्या कामावरचे हिंदी कैदी त्याने पाहिले आणि त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांबद्दल लिहून ठेवलं. आणि उलट वाहतूकही होती! महाबळेश्वरला चायनामन फॉल्सपाशी आपण सगळ्यांनी फोटो काढलेत. तो चायनामन कोण, हे किती जणांनी विचारलं? तिकडच्या ब्रिटिश वसाहतींतून आणलेले चिनी आणि मलायी कैदी महाबळेश्वरच्या तुरुंगात होते, १८३० च्या दशकापासून १८६४ पर्यंत. रस्ते केले, बटाटे आणि भाजीपाला पिकवला, वेताच्या टोपल्या विणल्या. साम्राज्य एकच, माणसं फक्त इकडची तिकडे.

ऑस्ट्रेलियाशी थेट धागाही आहे. पुणे, मुंबई, मद्रास इथल्या छावण्यांत कोर्टमार्शल झालेले गोरे शिपाई सिडनी-होबार्टला पाठवले जात. त्यामुळे तिथल्या यादीत शिक्षेचं ठिकाण 'बॉम्बे' दिसलं तर दचकू नका, तो बहुतेक आयर्लंडचा किंवा लंडनचाच शिपाई निघेल.

पण दप्तरात फरक आहे. मुंबईच्या पुराभिलेखागारात न्याय खात्याच्या बाडांत मला नाव, जात, गाव, गुन्हा, मुदत एवढं मिळतं, तेही इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं. 'रामा', बापाचं नाव नाही, गाव ओळखू येत नाही. अबोलीताईंच्या माणसाच्या करंगळीवरचा व्रण माहीत आहे. माझ्या रामाचा तालुकासुद्धा नक्की करता येत नाही. त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीत पूर्वज सापडतात, पण तिथे नाव लिहायला घरचं कुणीतरी यावं लागतं. समुद्रापार गेलेल्याच्या नावाने कोण येणार?

ऋजुता_होबार्ट

मी इथे स्वयंसेवक म्हणून नोंदी उतरवून काढते, म्हणून पान वाचण्याबद्दल थोडं सांगते. इथेच बहुतेकांची गफलत होते.

अबोलीताई, तुमचा माणूस १८४३-४४ चा, म्हणजे 'प्रोबेशन' काळातला. त्याआधी उतरल्या उतरल्या कैदी खासगी मालकांकडे कामाला नेमून देत. १८४० नंतर आधी सरकारी टोळीत ठरावीक महिने राबायचं, मग पास मिळायचा आणि पगारावर मालक धरायचा. म्हणून पानावर वरच्या भागात टोळीचं ठिकाण आणि मुदत लिहिलेली असते, ती बघा. त्यावरून तो बेटावर कुठे कुठे होता ते नकाशावर मांडता येतं.

आता शिक्षांची यादी. लोक ती वाचून म्हणतात, 'वाह्यात होता' किंवा 'सरळ होता'. थांबा. मालकाला स्वतःच्या हाताने फटके मारायची परवानगी नव्हती, दंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागे. कोर्ट एका दिवसाच्या वाटेवर असेल आणि कापणीचे दिवस असतील तर कोण नेतो? उलट एखादा मालक चिडका आणि कोर्ट जवळ असेल तर 'उद्धट बोलला' एवढ्यावर पान भरायचं. प्रत्येक नोंदीत मालकाचं नाव आणि दंडाधिकाऱ्याची आद्याक्षरं असतात. ती जुळवून बघा, एकाच मालकाकडे चार नोंदी आणि पुढच्या मालकाकडे एकही नाही असं हमखास दिसतं. त्या पानावर जेवढा कैदी दिसतो तेवढाच मालकही दिसतो. आणि माणूस दिवसभर काय बोलला, कुणाशी जमलं, कुठलं काम छान करायचा, यातलं काहीच दिसत नाही, कारण त्यासाठी रकानाच नव्हता.

बायकांचं दप्तर वाचायला तर छाती लागते. होबार्टच्या कॅस्केड्समध्ये, डोंगराच्या पायथ्याशी, सूर्य न पोहोचणाऱ्या ओलसर जागी, जुन्या दारूभट्टीत १८२८ मध्ये त्यांचा कैदखाना केला. तीन वर्ग. सर्वांत खालच्या 'क्राइम' वर्गातल्या बाईच्या कपड्यांवर मोठा पिवळा सी शिवलेला. काम धुण्याचं, हिवाळ्यातसुद्धा. घरकामाला पाठवलेली बाई गरोदर राहिली की परत इथे. बाळ अंगावरून तुटलं की आईला शिक्षेच्या वर्गात आणि बाळ आत पाळणाघरात, जिथे मुलं पटापट मरत. जगलं तर तीन वर्षांच्या आसपास न्यू टाउनच्या अनाथालयात. नावाला अनाथालय, आई जिवंत असायची. त्या अनाथालयाच्या दाखल-नोंदी आहेत, आणि त्यात आईचं नाव जहाजासकट लिहिलेलं असतं. कुणाचा शोध आईपाशी अडला असेल तर तिथे बघा. आईच्या पानावर मुलाचा उल्लेख एखाद्या ओळीचा, तोही गुन्हा म्हणून.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: (अ) त्याच्या जहाजाची दुसरी यादी शोधा, त्यात बऱ्याचदा आई-बाप, भावंडं आणि त्यांचं गाव असतं. शरीराचं वर्णन पुढे जुळवायला कधीकधीच उपयोगी पडतं, कुटुंब जास्त उपयोगाचं. (ब) लाँसेस्टनहून, म्हणजे टास्मानियाच्या उत्तरेच्या बंदरातून, मेलबर्नला जाणाऱ्यांच्या नोंदी बघा. १८५१ मध्ये व्हिक्टोरियात (मेलबर्न तिथलंच) सोनं सापडलं आणि इथले सुटलेले कैदी लोंढ्याने गेले. व्हिक्टोरियाने घाबरून १८५२ मध्ये त्यांना अडवायला कायदाच केला, म्हणून सुटल्याचा कागद खिशात ठेवूनच जहाजावर चढावं लागे.

नीलमोहोर

वाचनखूण साठवली. ऋजुता, तुझा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हायला हवा.

माझा एक प्रश्न. सहकारी पर्थचा आहे, त्याच्याकडेही असंच काहीतरी आहे म्हणतो. तिकडचं वेगळं का?

पॅरामॅटाकर

हो. पश्चिम ऑस्ट्रेलियाने उशिरा सुरुवात केली, १८५० मध्ये, आणि फक्त पुरुष घेतले, दहा हजारांच्या आतबाहेर. शेवटचं जहाज ह्यूगमाँट, १० जानेवारी १८६८ ला फ्रीमँटलला लागलं. त्यात साठेक आयरिश फेनियन क्रांतिकारक होते. पुढे १८७६ मध्ये त्यातले सहा जण अमेरिकन जहाज बोलावून पळाले, ती एक वेगळीच गंमत आहे. सहकाऱ्याला विचारा पूर्वज १८५० च्या आधी आला की नंतर. आधी आला असेल तर कैदी म्हणून शोधू नका.

पूर्वज आयरिश असेल तर आणखी एक: १९२२ मध्ये डब्लिनचं अभिलेखागार जळालं. त्यामुळे गरीब आयरिश माणसाचं गाव, वय, भावंडं यांची उरलेली एकमेव नोंद कधीकधी ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांच्या यादीतच असते. आजोबा, घरी राहिलेल्या सरळमार्गी भावाचा मागमूस नाही आणि चोराचा पत्ता लागतो, असा प्रकार आहे हा.

खवट_आजोबा

म्हणजे दप्तरात राहायचं तर चोरी करावी. समजलं.

(महाबळेश्वरची माहिती मात्र नवीन. तिथल्या एवढ्या वाऱ्या झाल्या, एका गाइडने सांगितलं नाही.)

अबोली

धागा वर आणतेय, कारण प्रगती आहे!

ऋजुता, जहाजाची दुसरी यादी मिळाली. बापाचं नाव आहे, बाप विणकर, दोन भाऊ, एक बहीण, सगळे मँचेस्टरला. बायको आणि मूलही तिथेच. मग लाँसेस्टनच्या नोंदींत १८५२ मध्ये एक जण मेलबर्नला गेलेला, तेच नाव, पुढे 'शिक्षा भोगून मुक्त'. व्हिक्टोरियात १८५३ च्या जुलैपासून जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि त्या दाखल्यांत पाल्हाळ भरपूर आहे, हे आपल्या पथ्यावर. १८५५ चा विवाहाचा दाखला विकत घेतला. वर: जन्म मँचेस्टर, धंदा जोडे शिवणे, बापाचं नाव तेच, बापाचा धंदा विणकर. माझ्या मते जुळलं.

आणि सुतारही सापडला! वधूच्या रकान्यात बापाचा धंदा: जहाजाचा सुतार. सासऱ्याची गोष्ट घराण्याने उचलून मूळ पुरुषाला चिकटवली. कुणी जाणूनबुजून केलं की आपोआप झालं, कोण जाणे. माझा संशय खुद्द नवरदेवावर आहे.

पण एक खडा. दाखल्यावर वर 'अविवाहित' लिहिलाय. होबार्टच्या पानावर तर लग्न झालेलं, एक मूल.

ॲडव्होकेट_कुंभार

ताई, हा खडा तुमच्या एकट्याच्या पानावर नाही. इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्यात जोडीदार सलग सात वर्षं बेपत्ता असेल आणि जिवंत आहे हे ठाऊक नसेल, तर दुसरं लग्न करणाऱ्यावर द्विभार्येचा गुन्हा लागत नसे. दुसरं लग्न कायदेशीर ठरत नव्हतं, फक्त शिक्षा टळत होती. लोकांनी मात्र त्याचा अर्थ 'सात वर्षं झाली, मोकळे' असा सोयीने लावला. १८४३ ते १८५५ म्हणजे बारा वर्षं.

शिक्षा चालू असताना लग्न करायचं तर सरकारची परवानगी लागायची. तेव्हा अधिकारी जहाजाची यादी काढून बघत, आणि उतरताना 'विवाहित' सांगितलेल्याचा अर्ज फेटाळत. सुटल्यावर कोण विचारतंय? शिवाय तो व्हिक्टोरियात आणि यादी होबार्टला.

ऋजुता_होबार्ट

बायकोची बाजूही बघा. इंग्लंडची १८५१ ची जनगणना घरटी आहे आणि टिकलेली आहे. नवरा पाठवला गेलेल्या बायका त्यात बऱ्याचदा 'विधवा' म्हणून दिसतात. ऑस्ट्रेलियात मात्र हा मार्ग शोधू नका, इथल्या पुढच्या जनगणनांचे घरोघरचे बहुतेक कागद आकडेवारी काढून झाली की नष्ट केले गेले, आणि न्यू साउथ वेल्सचे १८८१ चे तर सिडनीच्या गार्डन पॅलेसच्या आगीत जळाले.

अबोली

बघितलं. मँचेस्टरमध्ये त्याच आडनावाची बाई, वय जुळतं, नऊ वर्षांचा मुलगा. 'विधवा'च लिहिलंय. मुलाच्या नावापुढे सूतगिरणीचं काम.

म्हणजे इंग्लंडातही एक शाखा असणार. सुनेला फोन केला तर ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, "आई, त्या मुलाचं पुढे काय झालं ते शोधा." आत्याला कोण सांगणार यावर मात्र घरात अजून एकमत नाही. मृत्यूचा दाखला मागवू का? पैसे लागतात, म्हणून विचारतेय.

पॅरामॅटाकर

मागवाच. व्हिक्टोरियाच्या जुन्या मृत्युदाखल्यात कुठल्या वसाहतीत किती वर्षं राहिला असा रकाना असतो. तिथे टास्मानियाची वर्षं लिहिली असतील तर घरच्यांना माहीत होतं. फक्त 'व्हिक्टोरिया' असेल तर त्याने बायकोलाही सांगितलं नसेल, किंवा घरच्यांनी मुद्दाम लपवलं असेल. माहिती कुणी दिली तेही खाली लिहिलेलं असतं, बायकोने की मुलाने, ते आधी बघा.

त्याबरोबर वर्तमानपत्रं चाळा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ट्रोव्ह हे जुन्या वर्तमानपत्रांचं संकेतस्थळ फुकट आहे. आडनाव चार-पाच चुकीच्या स्पेलिंगांनी टाका, कारण जुना छपाईचा मजकूर मशीनने भलताच वाचलेला असतो. चुकीची ओळ दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्तही करता येते, पुढच्या माणसाचं काम वाचतं. जोड्यांचं दुकान असेल तर जाहिरात सापडण्याची शक्यता बरीच आहे.